'सेफ्टी' ह्या शब्दाचा अर्थ व उपयोग

इंग्रजी भाषेंतील जे शब्द शाळेची पायरी न चढतां आपल्या खेड्यापाड्यांत येऊन राहिले आहेत, त्यांत 'सेफ' व 'सेफ्टी' हे दोन होत. बायका दुकानांत 'सेफ्टी पिन' मागतात, शेतकरी फवारणीच्या दिवसांत 'सेफ्टी किट' हा शब्द ऐकतो, आणि पुण्यास गेलेला मुलगा घरीं कळवितो कीं, 'मी सेफ पोहोंचलों.' परंतु जो शब्द पुष्कळ ऐकूं येतो तो नीट समजलेला असतोच असें नाहीं. आणि ह्या शब्दाचा अर्थ चुकला असतां कधीं कधीं जिवावर बेततें. म्हणून बुलढाणा जिल्ह्यांतील नित्याच्या व्यवहारांतून उदाहरणें घेऊन आपण त्याचा विचार करूं.

प्रथम शब्दाचें मूळ पाहूं. 'सेफ' हा शब्द इंग्रजींत फ्रेंच भाषेंतून आला, व त्याचें मूळ लॅटिन भाषेंतील 'साल्वुस' हा शब्द होय. त्याचा अर्थ अखंड, धड, ज्यास कांहीं इजा झाली नाहीं असा. आपल्या संस्कृतांतील 'सर्व' हा शब्द ह्याच कुळांतला आहे असें भाषाशास्त्रज्ञ सांगतात. जें सर्वच्या सर्व शिल्लक आहे तें 'सेफ.' आपण 'सहीसलामत' म्हणतों, त्यांतील 'सलामत' हा अरबी शब्दहि धडपणाचाच अर्थ दाखवितो. तेव्हां 'सेफ पोहोंचलों' ह्याचें सरळ मराठी 'सुखरूप पोहोंचलों' हेंच होय. 'सेफ' हें विशेषण, 'सेफली' हें क्रियाविशेषण, आणि 'सेफ्टी' हें भाववाचक नाम. पेढीवरील लोखंडी तिजोरीसहि इंग्रजींत 'सेफ' म्हणतात. कारण आंत ठेविलेलें जसेंच्या तसें राहतें.

आतां लक्ष्यांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, 'सेफ' ह्या विशेषणाचे दोन अर्थ आहेत. एक, ज्यास इजा पोहोंचत नाहीं तें. दुसरा, जें इतरांस इजा करीत नाहीं तें. 'मूल सेफ आहे' ह्यांत पहिला अर्थ, आणि 'पाणी सेफ आहे' ह्यांत दुसरा. मराठींत आपण दोन्ही ठिकाणीं 'सुरक्षित' हाच शब्द घालतों व घोटाळा करून घेतों. पूर्णा नदीच्या खोऱ्यांतील खारपाणपट्टा पाहा. शेगांव, संग्रामपूर व जळगांव जामोद ह्या तालुक्यांतील पुष्कळ गांवें त्यांत येतात. तेथें एखाद्या विहिरीस पक्का कठडा असेल, वर जाळी असेल. म्हणजे विहीर राखलेली आहे. तरी पण तिचें पाणी खारें असेल तर तें पिण्यास योग्य नव्हे. विहीर सुरक्षित असली म्हणून पाणी निर्धोक ठरत नाहीं. म्हणून पहिल्या अर्थीं 'सुरक्षित' किंवा 'सुखरूप', व दुसऱ्या अर्थीं 'निर्धोक' असे शब्द योजिले तर बरें.

'सेफ्टी' हा शब्द दुसऱ्या नामाच्या मागें लागतो तेव्हां काय अर्थ होतो? ती वस्तु सर्वस्वी निर्धोक आहे असा नव्हे. तींत असलेला धोका कोणत्या तरी युक्तीनें अडविला आहे, इतकाच. 'सेफ्टी पिन'चें टोंक तीक्ष्णच असतें. पण तें टोपणांत झांकलें जातें. ही पिन वॉल्टर हंट नांवाच्या अमेरिकन कारागिरानें 1849 सालीं काढली. पूर्वींच्या आगकाड्या कोठेंहि घासल्या कीं पेटत. म्हणून 1844 सालीं स्वीडन देशांतील गुस्ताफ पाश ह्यानें फॉस्फरस काडीवर न ठेवतां पेटीच्या बाजूस लाविला. हीच 'सेफ्टी मॅच.' पण तीहि लेंकराच्या हातीं दिली तर घर जाळील! प्रेशर कुकरच्या झांकणावरील 'सेफ्टी व्हॉल्व्ह' वाफेची नेहमींची वाट बुजली असतां तिला दुसरी वाट देतो. पण तो बंद करून टाकणाऱ्यास तो कसा वांचवील? युक्ति वस्तूंत असते, तिचा उपयोग करणें माणसाकडे असतें.

'सेफ्टी'शीं ज्याची नेहमीं गल्लत होते असा दुसरा शब्द 'सिक्युरिटी' होय. लॅटिन भाषेंत 'से' म्हणजे विना व 'कुरा' म्हणजे काळजी. ह्यावरून 'सिक्युरिटी' म्हणजे निश्चिंतपणा. देशांत दोन कायदे आहेत. 2006 सालच्या कायद्यांत 'फूड सेफ्टी' असा शब्द आहे. त्याचा हेतु असा कीं, अन्नांत भेसळ किंवा अपायकारक वस्तु नसावी. 2013 सालच्या कायद्यांत 'फूड सिक्युरिटी' असा शब्द आहे. त्याचा हेतु असा कीं, घरांत धान्याची भ्रांत नसावी. मराठींत दोहोंसहि 'अन्न सुरक्षा' म्हणतात! म्हणून रेशनचें धान्य मिळालेंच नाहीं तर ती एक तक्रार, व मिळालेलें धान्य किडकें निघालें तर ती दुसरी.

कर्जाच्या व्यवहारांत 'सिक्युरिटी' म्हणजे तारण. बाजार समितींत तूर किंवा सोयाबीन तारण ठेवून शेतकऱ्यास कर्ज मिळतें, तेथें 'सिक्युरिटी' हा शब्द निश्चिंतपणाचाच आहे. पण तो निश्चिंतपणा कर्ज देणाऱ्याचा होय. अशा कागदावर सही करण्यापूर्वीं हें ओळखलें पाहिजे.

आतां ज्या ठिकाणीं ह्या शब्दाचा अर्थ प्राणाशीं गांठ घालतो तेथें येऊं. 2017 सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें 20 हून अधिक माणसें दगावलीं. कीटकनाशकाच्या डब्यावर एक रंगीत खूण असते. लाल व पिवळ्या रंगाबरोबर 'पॉयझन' म्हणजे विष, निळ्याबरोबर 'डेंजर' म्हणजे धोका, व हिरव्याबरोबर 'कॉशन' म्हणजे सावध, असे शब्द असतात. पुष्कळांस वाटतें कीं, हिरवा रंग म्हणजे 'सेफ.' हें अगदीं चूक आहे! हिरव्या खुणेचें औषधहि विषच, मात्र इतरांहून सौम्य. चार रंगांत 'सेफ' असा रंगच नाहीं. तोंडावर मास्क, हातांत मोजे व डोळ्यांवर चष्मा चारही रंगांस लागतो. आणि हें 'सेफ्टी किट' खुंटीस टांगून ठेविलें तर तें कोणासहि वांचवीत नाहीं.

तसेंच 1 जुलै 2023 रोजीं मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ समृद्धि महामार्गावर एक प्रवासी बस उलटून पेटली व 25 माणसें मरण पावलीं. दाराची बाजू खालीं गेली होती. जे थोडे वांचले त्यांतील कांहीं खिडकी फोडून बाहेर आले. बसमध्यें 'एमर्जन्सी एक्झिट' अशीं अक्षरें असतात. तीं संकटांत बाहेर पडण्याची वाट दाखवितात. बसमध्यें बसतांच ती वाट कोठें आहे व कशी उघडते हें पाहून ठेवावें, मुलांस दाखवावें, व ज्यास अक्षरओळख नाहीं त्यास वाचून दाखवावें. ह्यास दोन मिनिटेंहि लागत नाहींत.

सारांश, 'सेफ्टी' हा शब्द कोठेंहि दिसला तर तीन प्रश्न विचारावे: कोण सुखरूप राहावयाचें आहे? कोणत्या धोक्यापासून? आणि त्यासाठीं आपण काय करावयाचें आहे? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर ज्यास ठाऊक आहे त्यासच हा शब्द खरा समजला.

अभ्यासासाठीं प्रश्न

1. 'सेफ' ह्या शब्दाचे दोन अर्थ कोणते? प्रत्येकाचें एक उदाहरण आपल्या गांवांतून द्या.
2. 'फूड सेफ्टी' व 'फूड सिक्युरिटी' ह्यांत भेद काय?
3. घरांत कीटकनाशकाचा डबा असल्यास त्याची खूण कोणत्या रंगाची आहे व तिच्याबरोबर कोणता शब्द आहे, हें वडील माणसांसह पाहा. डबा मुलांनीं हाताळूं नये.