कार्यालयाची ज्ञानसंपदा आणि प्रशासनाची कार्यक्षमता

शासकीय कार्यालयातील प्रत्येक खुर्ची, टेबल व कपाट यांची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत असते. त्यांची वेळोवेळी पडताळणी होते आणि एखादी वस्तू कमी भरल्यास जबाबदारी निश्चित केली जाते. मात्र तीस वर्षे सेवा केलेला कर्मचारी निवृत्त होताना अनुभवाने मिळविलेले जे ज्ञान बरोबर नेतो, त्याची नोंद कोणत्याही वहीत नसते. ही तूट लेखापरीक्षणात दिसत नाही. ती दिसते, ती प्रलंबित प्रकरणांच्या वाढत्या संख्येत आणि नागरिकांच्या वाढत्या हेलपाट्यांत.

ज्ञानसंपदेची तीन अंगे

संस्थेची मालमत्ता केवळ इमारती व यंत्रसामग्री यांत नसून तिच्या ज्ञानातही असते, हा विचार प्रथम खाजगी उद्योगांत रुजला. स्वीडनमधील स्कँडिया या विमा कंपनीने १९९४ च्या वार्षिक अहवालास पुरवणी जोडून आपल्या बौद्धिक भांडवलाचा आढावा घेतला. त्यानंतर हा विषय अभ्यासकांत सर्वत्र चर्चिला जाऊ लागला. या भांडवलाची साधारणपणे तीन अंगे मानली जातात : कर्मचाऱ्यांचे ज्ञान व कौशल्य हे पहिले, संस्थेचे अभिलेख, नियमपुस्तिका व कार्यपद्धती हे दुसरे, आणि बाहेरच्या व्यक्ती व संस्थांशी असलेले विश्वासाचे संबंध हे तिसरे.

ग्रामपंचायतीच्या नळपाणीपुरवठा योजनेचे उदाहरण घेतल्यास ही अंगे स्पष्ट होतात. जमिनीखालील वाहिनी कोणत्या वळणाने गेली आहे, कोणता व्हॉल्व्ह किती फिरविला म्हणजे वरच्या आळीला पाणी चढते, हे पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्यास ठाऊक असते. हे पहिले अंग. वाहिनीचा नकाशा व दुरुस्तीची नोंदवही हे दुसरे. उन्हाळ्यात दिवसाआड पाणी सोडावे लागले तरी ग्रामस्थ त्याचा शब्द मानतात, हे तिसरे. नकाशा कधी काढलाच नसेल, तर तो कर्मचारी निवृत्त झाल्यावर साधी गळती शोधण्यासाठीही चार ठिकाणी रस्ता खणावा लागतो. पंप तोच, निधी तेवढाच, कर्मचाऱ्यांची संख्याही तीच. तरीही सेवा खालावते. सार्वजनिक संस्थेची कार्यक्षमता केवळ निधीवर अवलंबून नसते, हे यावरून ध्यानी येते.

महाराष्ट्रातील एक प्रयोग

या दृष्टीने १९८० च्या दशकात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी केलेले कार्यालयीन सुधारणेचे काम उल्लेखनीय आहे. 'लखिना पॅटर्न' या नावाने ते राज्यात ओळखले जाते. साचलेल्या कागदपत्रांची छाननी, अभिलेखांची पद्धतशीर मांडणी आणि कामाच्या जागेची पुनर्रचना यांवर त्यात भर होता. हवा तो कागद हवा तेव्हा सापडणे, ही कार्यक्षमतेची पहिली पायरी होय, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

राज्यातील कार्यालयांत रूढ असलेली सहा गठ्ठे पद्धतही याच विचाराशी निगडित आहे. प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश संचिका, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाचे कागद असे हे सहा गठ्ठे होत. त्यांपैकी स्थायी आदेश संचिका ही त्या टेबलाची स्मरणशक्तीच म्हणावी लागेल. ती अद्ययावत असल्यास नवा लिपिक थोड्याच दिवसांत कामाला लागतो. नसल्यास त्याला शेजाऱ्याच्या आठवणीवर विसंबावे लागते.

कायद्याचा आधार

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ अन्वये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध करून ठेवणे बंधनकारक आहे. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांसंबंधीच्या महाराष्ट्राच्या २००५ च्या अधिनियमात सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा ठरविण्यात आला आहे. पंचायत सदस्यांची मुदत पाच वर्षांची असते. म्हणजेच अधिकारी व लोकप्रतिनिधी दोघेही बदलणार, हे गृहीतच आहे. बदल्या हितावह आहेत, निवडणुका तर लोकशाहीचा पायाच आहेत. म्हणूनच व्यक्ती बदलली तरी ज्ञान जागेवर राहील, अशी व्यवस्था असणे अगत्याचे ठरते.

काय करता येईल?

यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. पहिली गोष्ट कार्यभार हस्तांतरणाची. प्रमाणपत्रावर दोन सह्या झाल्या म्हणजे हस्तांतरण पूर्ण झाले, असे मानले जाते. त्यासोबत चालू प्रकरणे, न्यायप्रविष्ट बाबी, लेखापरीक्षणातील प्रलंबित आक्षेप आणि येत्या तीन महिन्यांतील मुदती यांचे दोन पानी टिपण जोडावे. दुसरी, निवृत्तीपूर्वीचे काही महिने अनुभवी कर्मचाऱ्यासोबत एका नव्या कर्मचाऱ्यास काम करू द्यावे; कारण प्रत्येक गोष्ट कागदावर उतरत नाही. तिसरी, शाळा, बचत गट, पाणीवापर संस्था यांच्याशी असलेला संपर्क तोंडओळखीवर न सोडता नव्या अधिकाऱ्याची त्यांच्याशी प्रत्यक्ष भेट घडवून आणावी. चौथी, यशदासारख्या संस्थेत प्रशिक्षण घेऊन आलेल्याने तेथे जे शिकले ते मासिक बैठकीत सहकाऱ्यांपुढे मांडावे. शाळांतही हेच लागू पडते. अवघड घटक सोपा करून शिकविण्याची एका शिक्षकाची रीत टिपून ठेवली, तर ती त्याच्या बदलीनंतरही मुलांच्या उपयोगी पडते.

यातील खरी अडचण कागदाची नसून मनाची आहे. 'आपल्यावाचून कार्यालयाचे अडते' यात काहींना प्रतिष्ठा वाटते, तर ज्ञान वाटून टाकले की आपले महत्त्व कमी होईल, अशी भीती इतरांना असते. ज्ञान लिहून ठेवणाऱ्याचे श्रेय त्याच्या नावे नोंदविले गेले आणि गोपनीय अहवालात त्याची दखल घेतली गेली, तर ही भीती ओसरू शकेल. केवळ परिपत्रक काढून ते होणार नाही.

कर्मचाऱ्याने सेवाकाळात मिळविलेला अनुभव जनतेच्या पैशातून उभा राहिलेला असतो. तोही सार्वजनिक मालमत्तेचाच भाग आहे. खुर्चीची मोजदाद करणाऱ्या कार्यालयाने त्या खुर्चीवरील ज्ञानाचीही मोजदाद केली, तर सामान्य नागरिकाचा एक हेलपाटा निश्चित वाचेल.