माणूस या नात्याने

आज बांगलादेशात असलेल्या चितगावच्या डोंगराळ मुलखातून कर्णफुली नावाची नदी वाहते. तिच्या काठच्या सुपीक जमिनीवर चकमा जमातीचे लोक पिढ्यान् पिढ्या शेती करीत आले होते. भगवान बुद्धांचा उपदेश मानणारे हे लोक आपल्या मुलखात समाधानाने नांदत होते. त्या काळी हा प्रदेश पूर्व पाकिस्तानात मोडत असे. तेथील सरकारने काप्ताई या ठिकाणी नदीवर एक मोठे धरण बांधले. १९६० नंतरच्या दोनतीन वर्षांत धरणाचे पाणी चढत गेले. त्या पाण्यावर वीज निर्माण झाली खरी. पण शेते, घरे आणि बुद्धविहार पाण्याखाली गेले. सुमारे एक लाख माणसे निराधार झाली.

१९६४ साली त्यांतील हजारो लोक सीमा ओलांडून भारताच्या आश्रयास आले. भारत सरकारने त्यांना परत लोटले नाही. त्यांतील काही कुटुंबांना त्या वेळच्या ईशान्य सीमा प्रदेशात वस्ती करण्यासाठी जमिनी देण्यात आल्या. दाट अरण्य तोडून, हिवतापाशी झुंज देत त्यांनी तेथे नवी शेते उभी केली. हाच प्रदेश पुढे १९७२ साली अरुणाचल प्रदेश झाला आणि १९८७ साली त्यास राज्याचा दर्जा मिळाला.

अरुणाचल प्रदेश ही अनेक लहान लहान आदिवासी जमातींची भूमी आहे. बाहेरून आलेल्यांची संख्या वाढत गेली, तर आपली जमीन व आपली जीवनपद्धती टिकेल काय, अशी चिंता या मूळच्या रहिवाशांना वाटू लागली. ही चिंता अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. परंतु चिंतेचे रूपांतर रोषात झाले. १९९४ साली राज्यातील विद्यार्थ्यांच्या एका संघटनेने चकमांना राज्य सोडून जाण्याचा इशारा दिला. तेव्हा तेथे सुमारे ६५,००० चकमा व हाजोंग राहत होते. मुदत टळून गेली, तेव्हा नवी मुदत देण्यात आली. १९९५ सालच्या ३१ डिसेंबरपर्यंत निघून जा, नाही तर बळाने हाकलून देऊ, असा तो इशारा होता. वस्त्यांकडे जाणारे धान्य व औषधे अडविली जात असल्याच्या तक्रारीही येऊ लागल्या.

आता या लोकांनी जावे तरी कोठे? ज्या गावांतून ते निघाले होते, ती गावे पाण्याखाली होती. भारताचे नागरिकत्व मिळावे म्हणून त्यांनी केलेले अर्ज स्थानिक कचेऱ्यांतच अडकून पडले होते. मतदार नाही, नागरिक नाही, अशा माणसांचे गाऱ्हाणे कोण ऐकणार?

या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात लक्षावधी निरपराध माणसांचा संहार झाला. असा अनर्थ पुन्हा घडू नये म्हणून संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा एक जाहीरनामा तयार करण्याचे ठरविले. ते काम करणाऱ्या मंडळात भारताच्या वतीने श्रीमती हंसा मेहता बसत असत. जाहीरनाम्याच्या इंग्रजी मसुद्यातील पहिल्याच वाक्यात माणसांसाठी जो शब्द योजला होता, त्याचा अर्थ ‘पुरुष’ असाही होतो. हंसाबाईंनी त्यास हरकत घेतली. त्यांच्या आग्रहामुळे तो शब्द जाऊन ‘सर्व मानव’ असा अर्थ देणारा शब्द तेथे आला. १० डिसेंबर १९४८ रोजी हा जाहीरनामा स्वीकारण्यात आला. म्हणूनच १० डिसेंबर हा दिवस जगभर मानवी हक्क दिन म्हणून पाळतात.

भारताच्या संविधानातही शब्दांची अशीच काळजी घेतलेली आढळते. मनाजोग्या ठिकाणी वस्ती करणे, सभा भरविणे यांसारखे काही हक्क केवळ नागरिकांना दिलेले आहेत. परंतु कायद्यापुढील समानता सांगणाऱ्या चौदाव्या अनुच्छेदात आणि जीवित व स्वातंत्र्य यांचे रक्षण करणाऱ्या एकविसाव्या अनुच्छेदात ‘नागरिक’ हा शब्द नाही. तेथे ‘व्यक्ती’ हा शब्द आहे. मनुष्य कोणत्याही देशाचा असो, या भूमीवर त्याच्या जिवास कायद्याचे संरक्षण आहे, असा या शब्दाचा अर्थ होय.

तथापि, हक्क कागदावर लिहिल्याने तो आपोआप पदरात पडत नाही. दुर्बळ माणसाला न्यायालयाची पायरी चढणे कठीण असते. वकिलाची फी, प्रवासाचा खर्च आणि मनातील भीती ही सारी त्याच्या वाटेत उभी राहतात. शिवाय ज्या अधिकाऱ्यांनी रक्षण करावयाचे, त्यांच्याकडूनच कधी कधी अन्याय किंवा हयगय घडते. अशा वेळी चौकशी करणारी स्वतंत्र संस्था असावी, या हेतूने १२ ऑक्टोबर १९९३ रोजी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची स्थापना झाली. सर्वोच्च न्यायालयाचे माजी सरन्यायाधीश रंगनाथ मिश्रा हे त्याचे पहिले अध्यक्ष होते.

आयोगाची कार्यपद्धती मोठी सुबोध आहे. ज्याच्यावर अन्याय झाला तो स्वतः अथवा त्याच्या वतीने दुसरा कोणीही आयोगाकडे तक्रार करू शकतो. त्यासाठी फी पडत नाही. मराठीतही तक्रार लिहिता येते. मात्र घटना घडल्यापासून एका वर्षाच्या आत ती केली पाहिजे. कोणी तक्रार केली नाही, तरी आयोग स्वतः होऊन चौकशी हाती घेऊ शकतो. साक्षीदारांना बोलावणे, शपथेवर जबानी घेणे, सरकारी कागदपत्रे मागविणे हे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्याला दिलेले आहेत. तुरुंगांना भेट देऊन कैद्यांची स्थिती पाहणे हेही त्याचे काम आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, महिला, अल्पसंख्याक व बालके यांच्यासाठी जे वेगळे राष्ट्रीय आयोग आहेत, त्यांचे अध्यक्षही आपल्या पदामुळे या आयोगाचे सदस्य असतात. त्यामुळे जात, धर्म अथवा लिंग यांवरून होणाऱ्या भेदभावाचे प्रश्नही एकत्र विचारात घेता येतात.

या आयोगाकडेच १९९४ साली चकमांचे गाऱ्हाणे पोहोचले. आयोगाने केंद्र सरकार व राज्य सरकार या दोघांकडून अहवाल मागविले. चकमांना नागरिकत्व देण्याचा आपला मानस आहे, असे केंद्र सरकारने कळविले. परिस्थिती आपल्या ताब्यात आहे, असे राज्य सरकारचे म्हणणे होते. परंतु तक्रारी थांबेनात. १९९५ च्या ऑक्टोबर महिन्यात पुन्हा एक निकडीचा अर्ज आला. मुदतीचा दिवस जवळ येत होता. केवळ पत्रे लिहून आता भागणार नाही, हे ओळखून आयोगाने स्वतः सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली. ज्यांना न्यायालयापर्यंत पोहोचणे दुरापास्त होते, त्यांच्यासाठी राष्ट्राची एक संस्थाच अर्जदार म्हणून उभी राहिली.

९ जानेवारी १९९६ रोजी सरन्यायाधीश अहमदी यांनी निकाल सांगितला. नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जीविताचे व स्वातंत्र्याचे रक्षण करण्यास राज्य बांधलेले आहे, असा त्याचा आशय होता. चकमांना बळाने घालवून देण्याचा प्रयत्न झाल्यास तो मोडून काढावा आणि जरूर पडल्यास निमलष्करी दलाचे साहाय्य घ्यावे, अशी आज्ञा राज्य सरकारला झाली. नागरिकत्वासाठी आलेले अर्ज अडवून न ठेवता केंद्र सरकारकडे पाठवावेत आणि त्यांचा निर्णय होईपर्यंत कायद्याने ठरविलेल्या मार्गाखेरीज कोणासही घराबाहेर काढू नये, असेही न्यायालयाने बजावले. ‘व्यक्ती’ हा संविधानातील एक शब्द अशा रीतीने हजारो घरांचे छप्पर ठरला.

मात्र या निकालाने सारे प्रश्न सुटले असे नाही. नागरिकत्वाचे काम रेंगाळतच राहिले. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा एकदा सांगावे लागले, की पात्र चकमा व हाजोंग लोकांना नागरिकत्व देण्याची कार्यवाही पूर्ण करावी. मूळच्या रहिवाशांच्या मनातील चिंताही तशीच राहिली. आयोगाला स्वतः कोणास शिक्षा करता येत नाही. चौकशी करून तो सरकारला शिफारस करतो, पीडितास भरपाई द्यावी असे सुचवितो आणि गरज भासल्यास न्यायालयात जातो. शिफारस मानली गेली नाही, तर त्याचा हात तोकडा पडतो. अशा संस्थेचे बळ दंडशक्तीत नसून सत्य शोधून ते चारचौघांसमोर मांडण्यात असते. ते सत्य ऐकून घेणारा समाज जागरूक नसेल, तर ते बळही क्षीण होते.

राज्यांतही असे आयोग आहेत. महाराष्ट्राचा राज्य मानवी हक्क आयोग २००१ साली स्थापन झाला. परंतु आयोगाच्या कचेरीत पोहोचणारे प्रत्येक गाऱ्हाणे आरंभी कोठे तरी एखाद्या गावात, वस्तीत वा रस्त्यावर जन्मास आलेले असते. कोणी तरी कोणास तरी ‘तू आमच्यातला नाहीस’ असे म्हटलेले असते. तेथेच जर दुसऱ्या कोणी तरी ‘पण तोही माणूसच आहे’ एवढे धैर्याने म्हटले, तर कित्येक गाऱ्हाणी दिल्लीपर्यंत जाण्यापूर्वीच मिटतील.

अभ्यास

१. चकमा लोकांना आपला मुलूख का सोडावा लागला?
२. हंसा मेहता यांनी जाहीरनाम्यात कोणता बदल घडवून आणला? तो महत्त्वाचा का आहे?
३. संविधानातील ‘नागरिक’ व ‘व्यक्ती’ या शब्दांतील भेद चकमांच्या उदाहरणावरून स्पष्ट करा.
४. ‘आयोगाचे बळ दंडशक्तीत नाही’ या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
५. वाक्यांत उपयोग करा : धाव घेणे, पदरात पडणे, हात तोकडा पडणे.