निवृत्तीनंतरचा महिना केवढ्याला पडतो?

नोकरी खासगी, घर स्वतःचे, मुले मार्गी लागलेली. असे जोडपे नाशिक-सांगलीसारख्या शहरात निवृत्त झाले तर त्यांना महिन्याला किती लागतील? 'पन्नासेक लाख साठले की भागेल' हे मोघम उत्तर आपल्याकडे फार चालते. पण पन्नास लाख पुरतात की नाही, हे महिन्याचा हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही. तेव्हा आधी खर्च.

किराणा, दूध, भाजी १४ हजार. धुण्याभांड्याच्या मावशी ३ हजार. वीज, गॅस, मोबाइल ४ हजार. सोसायटीचा मेंटेनन्स अडीच हजार. बीपी-शुगरच्या गोळ्या आणि तपासण्या ४ हजार. प्रवास, लग्नकार्ये, आहेर ५ हजार. हे झाले साडेबत्तीस हजार. घरपट्टी, आरोग्य विम्याचा हप्ता, रंगकाम, बिघडलेला फ्रिज असे वर्षातून एकदा येणारे खर्च लाखभर धरा, म्हणजे महिन्याला आणखी ८,३०० रुपये. एकूण ४१ हजारांच्या घरात. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या घरचे घाला. फक्त आहेराची रक्कम कमी लिहून स्वतःची समजूत काढू नका.

आता जमा. 'पीएफची पेन्शन आहे की' म्हणणाऱ्यांनी एकदा गणित करून पाहावे. ईपीएस-९५ मध्ये पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले ७० असे सूत्र आहे. पगाराची मर्यादा १५ हजार, आणि सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेसाठी ६,५०० रुपयेच. त्यामुळे १९९६ पासून तीस वर्षे इमानेइतबारे नोकरी केलेल्या, या मर्यादेतच वर्गणी गेलेल्या माणसाच्या हाती महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास पडतात. किमान पेन्शन तर २०१४ पासून हजार रुपयांवरच आहे. ही रक्कम गोळ्यांच्या खर्चाला लावा आणि विसरून जा.

खरा आधार पोस्टाचा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. २०२५ मध्ये दर ८.२ टक्के होता, म्हणजे दर तिमाहीला ६१,५०० रुपये, महिन्याला २०,५००. खाते उघडताना असलेला दर पाच वर्षे कायम राहतो, हा तिचा मोठा गुण. मासिक प्राप्ती योजनेत दोघांच्या संयुक्त खात्यात १५ लाख ठेवले तर ७.४ टक्क्यांनी दरमहा ९,२५० मिळतात. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करते, म्हणून पैसे भरण्याआधी काउंटरवर विचारून घ्या. पेन्शन धरून बेरीज ३४,२५०. पंचेचाळीस लाख अडकवूनही महिन्याला पावणेसात हजार कमीच.

आणि ही आजची गोष्ट झाली. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर बारा वर्षांत ४१ हजारांचे ८२ हजार होतात. व्याज मात्र तेवढेच राहते. म्हणून सगळी पुंजी पोस्टात आणि एफडीत ठेवणे सुरक्षित आहे असे मला वाटत नाही. वर्षभराचा खर्च बँकेत, नियमित उत्पन्नापुरते पोस्टात, आणि पुढची सात-आठ वर्षे हात लावावा लागणार नाही असा एक हिस्सा शेअर असलेल्या म्युच्युअल फंडात, अशी विभागणी बरी. त्या हिश्शात चढउतार होणार, हे आधीच मान्य करून टाकावे.

आज पंचेचाळिशीत असाल, तर हाच ४१ हजारांचा महिना साठाव्या वर्षी, त्याच ६ टक्क्यांच्या हिशेबाने, ९८ हजारांना पडेल. महिन्याला दहा हजारांची एसआयपी १० टक्के परतावा धरून (तो मिळेलच असे नाही) पंधरा वर्षांत साधारण ४१ लाख होते, वीस वर्षांत ७६ लाख. चाळिशीतली पाच वर्षे वाया घालवण्याची किंमत ही अशी असते.

आरोग्य विम्याची तर आधीच सोय करा. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीचे कवच बहुतेक ठिकाणी नोकरीबरोबरच संपते, आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. पन्नाशीच्या सुमारास स्वतःची पॉलिसी काढली तर निवृत्तीआधीच ही मुदत उलटते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. आधी तो १८ टक्के होता. सत्तरी ओलांडलेल्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. मात्र घराजवळचे रुग्णालय त्या योजनेच्या यादीत आहे का, ते आजारी पडण्याआधी पाहून ठेवा.

ग्रॅच्युइटी खात्यात पडली की दोन-चार दिवसांत बँकेतून गोड आवाजाचा फोन येतो: 'सर, गॅरंटीड इन्कमचा एक प्लॅन आहे.' बहुधा ती दहा-बारा वर्षे हप्ते मागणारी विमा पॉलिसी असते. साठीत तिची गरज नाही. सही करून बसला असाल तर पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते.

गल्लीतल्या पतसंस्थेच्या टक्का-दीड टक्का जादा व्याजालाही भुलू नका. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, प्रत्येक बँकेमागे पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. पुण्याच्या रुपी बँकेचा परवाना २०२२ मध्ये रद्द झाला, तेव्हा पाच लाखांच्या आतले आणि बाहेरचे ठेवीदार यांच्यातला फरक साऱ्या शहराने पाहिला.

शेवटचे काम बिनखर्चाचे आहे. पेन्शनरच्या पश्चात जोडीदाराला ईपीएसची पेन्शन साधारण निम्मीच मिळते, म्हणून वरचा हिशेब एकाच्या हयातीचा धरूनही मांडा. आणि दोघांनी बसून बँक, पोस्ट, पीएफ, विमा यांची नॉमिनेशन तपासा. अविवाहित असताना पीएफला केलेले नॉमिनेशन लग्नानंतर रद्द ठरते, हे अनेकांना ठाऊक नसते. ते पुन्हा करावे लागते, आणि यूएएन हाताशी असेल तर घरबसल्या, फुकट होते.