केबिनमधला कॅमेरा आणि चालकाची झोप

काही ट्रकांच्या केबिनमध्ये आता चालकाच्या चेहऱ्यावर रोखलेला कॅमेरा असतो. पापण्या मिटू लागल्या की घंटी वाजते. रस्त्याकडे पाहणारा कॅमेरा अपघातानंतर पुरावा देतो, म्हणून तो अनेक चालकांना चालतो. चेहऱ्यावरचा मात्र मालकाची पाळत वाटतो. ही नाराजी रास्त आहे. पण ताशी 60 किलोमीटर वेगात 3 सेकंदांच्या डुलकीत ट्रक 50 मीटर पुढे जातो. पहाटे 2 ते 5 हा धोका सर्वाधिक. चहा-तंबाखू झोपेची जागा घेत नाहीत. चालकबंधूंनी घंटी वाजताच गाडी सुरक्षित जागी थांबवून निदान 20 मिनिटे झोपावे. मालकांनीही ती नोंद दंडासाठी नव्हे, तर फेऱ्यांमध्ये विश्रांतीचा वेळ ठेवण्यासाठी वापरावी. नाहीतर कॅमेऱ्यावर फडके पडेल आणि झोप तशीच राहील.