प्रभूने घालून दिलेला कित्ता

वाचन : पेत्राचे पहिले पत्र २:१८-२५



लहानपणी आपण अक्षरे कशी शिकलो ते आठवू या. बाई पाटीवर 'ग' काढून देत आणि आपण त्यावरूनच पेन्सिल फिरवत असू. यालाच कित्ता गिरवणे म्हणतात. ख्रिस्ताच्या दुःखसहनाविषयी लिहिताना संत पेत्राने जो ग्रीक शब्द वापरला आहे, त्याचा अर्थ नेमका हाच आहे. प्रभूने दुःख सोसून आपल्यासमोर कित्ता ठेवला, आता आपण तो गिरवायचा आहे, असे संत पेत्र सांगतो. त्याने हे प्रथम लिहिले ते दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या आणि विनाकारण मार खाणाऱ्या दासांना. म्हणून हे शब्द सुखात बसून केलेला उपदेश नाहीत.

या कित्त्यातील तीन अक्षरे आज आपण पाहू या.

१. मोकळ्या मनाची प्रार्थना
येशूने दुःख मागून घेतले नाही. गेथशेमाने बागेत त्याचे मन व्याकूळ झाले होते. हा प्याला टळावा अशी त्याने पित्याला विनवणी केली आणि मगच पित्याच्या इच्छेला होकार दिला (मार्क १४:३२-३६). तेव्हा 'देवा, हे दुखणे दूर कर' असे म्हणणे, डॉक्टरांकडे जाणे, वेळेवर औषध घेणे यात विश्वासाची उणीव नाही. घरात मारहाण किंवा अन्याय होत असेल, तर त्याविरुद्ध मदत मागणे हेसुद्धा देवाच्या इच्छेविरुद्ध नाही.

२. क्षमा
प्रभूने अपमानाची परतफेड अपमानाने केली नाही. आपला न्याय त्याने पित्याच्या हाती सोपवला. दुखणे माणसाला चिडचिडे करते, हे आपण जाणतो. म्हणूनच हे अक्षर गिरवताना आपला हात सर्वांत जास्त थरथरतो.

३. मदत घेणे आणि मदत देणे
कुरेनेकर शिमोनाने प्रभूचा क्रूस वाहिला. देवाच्या पुत्रालाही दुसऱ्याच्या खांद्याची गरज पडली! आणि क्रुसावरून त्याने आपल्या आईची काळजी वाहिली. तिला प्रिय शिष्याच्या हाती सोपवले (योहान १९:२६-२७).

वसईच्या सुपुत्राने गिरवलेला कित्ता
संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई येथलीच. किशोरवयातच ते जेज्वीट धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, तेथील भाषा शिकले, धर्मशिक्षणाचे काम केले. जेज्वीट संघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र पूर्ण झाली नाही. काही काळ त्यांनी व्यापार केला. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले आणि १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले. त्यांचा हा पहिला क्रूस आपल्या ध्यानात येत नाही. नकार पचवून ते कडवट झाले नाहीत. देवाची सेवा करायला त्यांनी दुसरी वाट धरली.

जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमावरून त्यांना व त्यांच्या सोबत्यांना पकडण्यात आले. क्योतो येथे प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. नंतर कडाक्याच्या थंडीत सुमारे महिनाभर त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. निघताना कैदी चोवीस होते. त्यांची सेवा करायला वाटेत बरोबर आलेल्या दोघांनाही पकडले आणि ते सव्वीस झाले. शिमोनासारखे क्रुसाला हात लावायला आले आणि स्वतःच क्रुसावर गेले! ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर त्या सर्वांना क्रुसावर चढवून भाल्याने भोसकण्यात आले. त्यांत लहान मुलेही होती. त्यांच्यातील पौल मिकी यांनी क्रुसावरूनच आपल्याला मारणाऱ्यांना क्षमा केली. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या सव्वीस जणांना संत म्हणून घोषित केले.

आपल्या घरातील क्रूस
आपल्याला कोणी नागासाकीला नेणार नाही. आपला क्रूस मागच्या खोलीतल्या खाटेवर असतो. अंथरुणाला खिळलेली आई, डायलिसिसवर असलेले वडील, रात्र रात्र जागणारी सून. आजाऱ्यांच्या भेटीला जातो तेव्हा आम्हाला एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "फादर, माझं असं काय पाप झालं?" प्रभूने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. जन्मांध माणसाचे आंधळेपण त्याच्या किंवा आईवडिलांच्या पापामुळे नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले (योहान ९:१-३). म्हणून आजाऱ्याला 'ही देवाची शिक्षा' असे कोणीही म्हणू नये.

दुसरी गोष्टही आम्हाला दिसते. पवित्र तेलाच्या अभ्यंगासाठी फादरांना अगदी शेवटच्या घटकेला बोलावले जाते. "त्यांना पाहून बाबा घाबरतील," असे घरचे म्हणतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच सांगितले आहे की हा संस्कार केवळ मरणाच्या दारी असलेल्यांसाठी नाही. आजार गंभीर आहे असे कळताच बोलवा, मोठ्या शस्त्रक्रियेआधी बोलवा. आजारी माणूस शुद्धीवर असताना, घरच्यांबरोबर प्रार्थना म्हणू शकत असताना हा संस्कार मिळाला, तर त्याला केवढे बळ येते!

कित्ता गिरवताना पहिल्याच दिवशी अक्षर सुबक येत नाही. बाई आपला हात हातात धरून पेन्सिल फिरवत. प्रभूही तसेच करतो. त्याचा हात जखमी आहे, म्हणून आपल्या वेदना त्याला कळतात.

चिंतनासाठी
१. माझ्या दुःखाबद्दल मी देवाशी मोकळेपणाने बोलतो का?
२. या आठवड्यात मी कोणत्या आजाऱ्याला भेटणार आहे? त्याची सेवा करणाऱ्याला एक तास विसावा देऊ शकेन का?

प्रार्थना
हे प्रभू येशू, आमच्या घरातील आजाऱ्यांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना बळ दे. आमचा हात तुझ्या हाती धर आणि तुझा कित्ता गिरवायला आम्हाला शिकव. आमेन.