हजेरीपटामागचं गाव : शिक्षकाला शिक्षणाचं समाजशास्त्र का हवं?

शिक्षणाचे समाजशास्त्र म्हणजे शाळा आणि समाज यांच्या संबंधांचा अभ्यास. डी.एड., बी.एड.ला आपण तो परीक्षेपुरता वाचतो. खरा उपयोग होतो तो हजेरीपट भरताना.

आटगाव, शहापूर, मुरबाड या पट्ट्यातली अनेक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मालकाकडून उचल घेतलेली असते. मागे मुलांना सांभाळायला कुणी नसतं, म्हणून मुलंही जातात. आपण मात्र 'सतत गैरहजर' लिहितो आणि 'पालकांनाच आवड नाही' म्हणून मोकळे होतो. समाजशास्त्र विचारतं, एकाच वस्तीतली मुलं एकाच महिन्यात का गळतात?

प्रश्न बदलला की उपायही बदलतो. जुन्या ठाणे जिल्ह्यातच, कोसबाडला, मुलं गुरं राखायला जातात हे पाहून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली. तीच कुरणशाळा.

आपणही दिवाळीआधी वस्तीवर जाऊन यादी करू शकतो. आजी-आजोबा मुलाला ठेवून घेतील का, विचारू शकतो. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड देऊन भट्टीजवळच्या शाळेला फोन करू शकतो. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो.

पालकांनो, शेजारच्या बाकावरचा मित्र का दिसत नाही, हे घरी मुलांना जरूर सांगा. आणि गुरुजनहो, भट्टीवर मजुरी हजार विटांवर ठरते. परतलेल्या मुलाला तो हिशेब ऐकून माहीत असतो. गणिताचा तास तिथूनच सुरू करून बघा.