बारावी गाळली तर राज्य किती देतं?

अमेरिकेतल्या मराठी घरांत मूल नववी-दहावीत गेलं की एक विचार हमखास डोकावतो. मुलगी गणितात दोन वर्षं पुढे आहे, एपीचे विषय सहज पेलते आहे, मग हायस्कूलचं चौथं वर्ष कशाला? अकरावीनंतर थेट कॉलेजला गेली तर एक वर्ष वाचेल. त्यातच कुणीतरी सांगतं की लवकर पास होणाऱ्यांना काही राज्यं पैसेही देतात. ही माहिती खरी आहे. पण पैसे मिळतात म्हणून सौदा फायद्याचा असतोच असं नाही. तो पारखायला कागद, पेन आणि अर्धा तास पुरतो.

राज्य पैसे का देतं?

सरकारी शाळेतल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे राज्य दरवर्षी खर्च करतं. मूल वर्षभर आधी बाहेर पडलं की तो खर्च वाचतो आणि त्यातला काही वाटा विद्यार्थ्याच्या पदरात पडतो. काही राज्यांनी तर हा हिशेब कायद्यातच मांडला आहे. केंटकीत शिष्यवृत्ती ठरते ती राज्याच्या प्रति-विद्यार्थी मूळ अनुदानाच्या निम्म्याने. आयडाहोत गाळलेल्या प्रत्येक वर्षामागे सरासरी प्रति-विद्यार्थी अनुदानाचे ३५ टक्के मिळतात. इंडियानात मिच डॅनियल्स गव्हर्नर असताना २०११ मध्ये त्यांच्याच नावाची योजना आली. किमान एक वर्ष आधी पास होणाऱ्याला ती एकरकमी ४,००० डॉलर देते.

टेक्ससची गोष्ट पालकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. तिथे १९९०च्या दशकात सुरू झालेली अशीच शिष्यवृत्ती २०११ मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली. पुढे २०२१च्या कायद्याने ‘टेक्सस फर्स्ट’ ही वेगळी योजना आणली. तिच्यात दोन सत्रं आधी पास झालेल्याला दोन सत्रांची मदत मिळते, पण राज्याने ठरवलेल्या सार्वजनिक संशोधन विद्यापीठांतच. मूल नववीत असताना वाचलेली योजना ते पास होईपर्यंत तशीच राहील, हे कुणी गृहीत धरू नये.

खरा हिशेब

बहुतेक घरांत ४,००० डॉलरची तुलना शून्याशी होते: ‘काहीच मिळणार नव्हतं, आता चार हजार मिळतील.’ तुलना करायला हवी ती बारावीचं वर्ष शाळेत राहून जे मिळालं असतं त्याच्याशी.

इंडियानाचंच उदाहरण घेऊ. पर्ड्यू विद्यापीठाच्या वेस्ट लाफियेत कॅम्पसवर राज्यातल्या रहिवाशांची मूळ वार्षिक फी ९,९९२ डॉलर आहे. २०१३ पासून ती गोठवलेली आहे. आता दोन वाटा पाहा.

पहिली वाट: हायस्कूल तीन वर्षांत संपवायचं आणि चार वर्षं कॉलेज करायचं. चार वर्षांची मूळ फी ३९,९६८ डॉलर. त्यातून शिष्यवृत्तीचे ४,००० वजा केले की उरतात ३५,९६८.

दुसरी वाट: हायस्कूल पूर्ण चार वर्षं करायचं, पण त्या काळात कॉलेजची क्रेडिट जमवायची. इंडियानात ‘इंडियाना कॉलेज कोअर’ नावाचा ३० क्रेडिटचा संच आहे आणि राज्यातली सार्वजनिक विद्यापीठं तो एकगठ्ठा स्वीकारतात. ३० क्रेडिट म्हणजे कॉलेजचं साधारण एक वर्ष. मग पदवी तीन वर्षांत झाली, तर मूळ फी २९,९७६ डॉलर.

दोन्ही वाटांनी हायस्कूल आणि कॉलेज मिळून सातच वर्षं लागतात आणि मूल त्याच वयात पदवीधर होतं. दुसऱ्या वाटेने मात्र नुसत्या फीमध्ये ५,९९२ डॉलर वाचतात. राहण्याजेवणाचा एका वर्षाचा खर्च वाचतो तो वेगळाच. शाळेचं वर्ष फुकट असतं आणि कॉलेजचं विकत घ्यावं लागतं. गाळायचंच असेल तर विकतचं वर्ष गाळावं.

दुसरी वाटही सगळ्यांना खुली नाही. कॉलेज कोअर प्रत्येक शाळेत मिळत नाही. क्रेडिट स्वीकारली जाणं वेगळं आणि ती पदवीसाठी उपयोगी पडणं वेगळं. इंजिनिअरिंगसारख्या शाखांत एका विषयावर पुढचा विषय उभा असतो, त्यामुळे तीस क्रेडिट हातात असूनही पदवीला चार वर्षं लागू शकतात. म्हणून हव्या त्या शाखेचा सत्रवार अभ्यासक्रम समोर ठेवून कोणतं क्रेडिट कुठे बसतं ते एकेक करून पाहावं.

आयडाहोतही हीच तुलना करता येते. तिथे ‘अ‍ॅडव्हान्स्ड अपॉर्च्युनिटीज’ योजनेत सातवी ते बारावीच्या सरकारी शाळेतल्या विद्यार्थ्याला ४,६२५ डॉलरपर्यंत रक्कम वापरता येते आणि ड्युअल क्रेडिटचा, म्हणजे शाळेत असतानाच मिळणाऱ्या कॉलेज क्रेडिटचा, दर क्रेडिटमागे ७५ डॉलर आहे. त्या रकमेतली बरीच शिल्लक असेल, तर शाळा लवकर सोडणं म्हणजे ती तशीच टाकून जाणं.

लवकर बाहेर पडणं कुणाला मानवतं?

छोट्या गावातली शाळा, वरच्या पातळीचे विषय संपलेले, ड्युअल क्रेडिटची सोय नाही, मुलाला काय शिकायचं ते ठाऊक आहे आणि कॉलेज राज्यातलंच हवं आहे, अशा वेळी ही शिष्यवृत्ती चांगला आधार ठरते.

प्रवेशाची चुरस फार असलेल्या विद्यापीठांवर डोळा असेल, तर जपून. तीन वर्षांत पास होणाऱ्याला अर्ज अकरावीच्या सुरुवातीलाच करावा लागतो. त्या वेळी गुणपत्रिकेवर दोनच वर्षांचे ग्रेड असतात. शिफारसपत्र देणाऱ्या शिक्षकांनी मुलाला फार काळ पाहिलेलं नसतं. एसएटीही तोवर उरकलेली हवी. शिवाय राज्याबाहेर गेलं की या शिष्यवृत्त्या सहसा हाती राहत नाहीत.

एच-४ वरची मुलं

ग्रीन कार्डच्या रांगेतल्या घरांत या प्रश्नाला आणखी एक पदर असतो. एकविसाव्या वर्षी मुलाचा एच-४ दर्जा संपतो. अठराव्या वर्षी कॉलेज सुरू केलं तर तो दिवस पदवी हातात येण्याआधीच उगवतो. सतराव्या वर्षी सुरू केलं तर पदवी आणि एकविसावं वर्ष जवळपास बरोबर येतात. त्यामुळे काही पालकांना लवकर पास होणं हाच तोडगा वाटतो. पण तीन वर्षांत पदवी करण्याच्या दुसऱ्या वाटेनेही हेच साधतं. आणि पदवी लवकर मिळाली तरी नोकरीचा हक्क आपोआप येत नाही. त्यासाठी दर्जा बदलावा लागतो आणि दर्जा बदलला की काही राज्यांत रहिवाशांच्या फीवर परिणाम होऊ शकतो. एच-४ वरच्या मुलांना केंद्र सरकारची विद्यार्थी मदत मिळत नाही. राज्याच्या मदतीचे नियम जागोजागी निराळे आहेत. म्हणून आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला आणि मगच काउन्सेलरकडे जा.

पुढे भारतात परतायचा विचार असेल, तर आणखी एक गोष्ट तपासा. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेसाठी प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. परदेशी बारावीला समकक्ष ठरवताना एकूण बारा वर्षांचं शिक्षण झालं आहे का, हेही पाहिलं जातं. एक वर्ष गाळून मिळवलेला डिप्लोमा तिथे अडू शकतो.

काउन्सेलरला विचारायचे प्रश्न

- आमचं मूल ज्या वर्षी पास होईल, त्या वर्षी ही योजना लागू असेल का?
- रक्कम एकदाच मिळते की दरवर्षी? ती फक्त फीसाठी आहे का?
- ही रक्कम मिळाली म्हणून कॉलेज स्वतःची मदत कमी करतं का?
- कोणत्या कॉलेजांत चालते? किती दिवसांत प्रवेश घ्यावा लागतो? इंडियानात पास झाल्यापासून पाच महिन्यांत कॉलेज सुरू करावं लागतं, म्हणजे मध्ये वर्षभर थांबायची सोय नाही.
- सरकारी शाळेत किमान किती काळ शिकलेलं असावं लागतं?
- लवकर पास होण्याचा इरादा कधीपर्यंत कळवायचा? केंटकीत शेवटच्या वर्षाच्या १ ऑक्टोबरपर्यंत कळवावं लागतं.

उत्तरं ईमेलवर मागा, म्हणजे वर्षभराने काउन्सेलर बदलला तरी ती तुमच्याकडे राहतील. हे सगळं दहावी संपण्याआधी करा. त्यानंतर विषयांची निवड होऊन जाते आणि दोन्ही वाटा अरुंद होत जातात.

एक प्रश्न मात्र काउन्सेलरला विचारून उपयोग नाही. तो मुलालाच विचारावा: शिष्यवृत्ती नसती, तरी तुला अकरावीनंतर जावंसं वाटलं असतं का? उत्तर ‘हो’ असेल, तर राज्याचे पैसे आनंदाने घ्या. ‘नाही’ असेल, तर चार हजारांसाठी मित्रांबरोबरचं शेवटचं वर्ष त्याच्याकडून काढून घेऊ नका. ते वर्ष पुन्हा देणारी योजना कुठल्याही राज्याकडे नाही.